किती तुकडे?

आपा वर्गात आल्या की आधी हातोडी टेबलावर आपटायच्या. हजेरी नंतर. खरं तर हजेरीची गरजच उरायची नाही, कारण त्या एका ठोक्यानं गैरहजर पोरंसुद्धा आपापल्या गावी अंथरुणात उठून बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तुम्ही आपांना पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्याशी वाद घातला नसता.

उंची फळ्याच्या निम्म्यापर्यंत. वजन हातोडीसकट चाळीस किलो. ओढणी पिनेनं घट्ट, चष्म्याच्या एका बाजूला काडीऐवजी तांब्याची तार. आवाज मात्र लोखंडाच्या भट्टीचा. जालन्यात तशा भट्ट्या पुष्कळ आहेत आणि त्यातली एक रात्री चोरीला गेली ती थेट आपांच्या गळ्यात सापडली, असं पोरं म्हणायची.

आमची शाळा खाजगी. अकरावी-बारावीची, पुढं इंजिनिअरिंग-मेडिकलला जाणाऱ्यांची. सकाळी सातला आत, संध्याकाळी सहाला बाहेर, वसतिगृह नाही. मी तिथं मराठी शिकवायचो. गणित, भौतिक, रसायनवाल्यांना तिथं 'सर' म्हणत, मला 'मराठीवाले'. दूधवाले, भाजीवाले, तसे मराठीवाले. आपा गणिताच्या. उर्दू शाळांत बाईंना आपा म्हणतात. आमच्याकडे येताना त्या तो शब्द सोबत घेऊन आल्या आणि पहिल्याच आठवड्यात घनसावंगीच्या पाटलांची पोरंही 'आपा, आपा' करत मागं फिरू लागली.

हातोडी त्यांच्या अब्बांची. अब्बा जालन्यातल्याच मस्तगड भागात पत्र्याच्या पेट्या ठोकायचे. आपा त्या ठणठणाटात बसून पाढे पाठ करत वाढल्या. "शांततेत मला बेरीज येत न्हाई, मराठीवाले," त्या म्हणायच्या, "कान दुखतात."

आता हातोडीचं काम सांगतो. कुणाचं गणित चुकलं की आपा ओरडायच्या, खडू फेकायच्या, वही खिडकीतून खाली भिरकावायच्या. एक वही खालून जाणाऱ्या मोसंबीच्या ट्रकात पडली आणि दिल्लीला गेली. तिकडून परत आली तेव्हा गणित बरोबर झालेलं होतं. पण पोराच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. "हात लावला की तो चुकीला लागत न्हाई, पोराला लागतो," असा त्यांचा हिशेब.

मग चुकीला कसं मारायचं? तर शाळेच्या मागच्या आवारात जायचं. तिथं कवेलूंचा ढीग होता. मस्तगडात छपरं उतरवून स्लॅब टाकणं चाललं होतं, तिथली भाजलेल्या मातीची जुनी कवेलू आपांनी गाडे भरभरून आणवली होती. चुकलेल्यानं एक कवेलू घ्यायचं, खडूनं त्यावर आपली चूक लिहायची, भिंतीला टेकवायचं आणि हातोडीनं फोडायचं. अट एकच. 'उत्तर चुकलं' असं लिहून भागायचं नाही. कुठल्या ओळीत चुकलं ती ओळ शोधून काढायची. चूक सापडल्याशिवाय हातोडी नाही.

सतरा वर्षांच्या पोरांना काहीतरी फोडायची केवढी हौस असते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या हौसेपायी आमची पोरं स्वतःच्या वहीत चुका अशा शोधायची, जशी माकडीण पिलाच्या डोक्यातली ऊ शोधते.

खाली कवेलू फुटलं की आपा वरच्या खिडकीतून विचारायच्या, "किती तुकडे?"

"तीन, आपा!"

"तीनच? मंग तुझी चूक अजून जिंदा हाय. मार!"

"नऊ!"

"बराबर. फुटली, संपली. परत तिचं नाव काढायचं न्हाई."

आणि त्या खरंच काढायच्या नाहीत. आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची आपली जुनी रीत. मी ती वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवायचो आणि आपा मागच्या भिंतीवर मोडीत काढायच्या. स्वतःलाही सूट नव्हती. एकदा फळ्यावर वजाचं अधिक झालं. एका पोरानं भीत भीत बोट दाखवलं. आपा ताडताड खाली गेल्या, कवेलू फोडलं, परत येऊन त्या पोराला म्हणाल्या, "एकवीस. मोजून ये." त्यातला बाविसावा तुकडा माझ्या चहात पडला होता. मी बोललो नाही. चहा चांगला झाला होता.

घनसावंगीकडून येणारी काळी-पिवळी जीप सीटं भरण्याच्या नादात रोज अर्धा तास उशिरा यायची आणि आमच्या बारा पोरांचा पहिला तास बुडायचा. एके दिवशी आपा रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि जीप थांबताच बॉनेटवर एक ठोका ठेवून दिला. "ओ आपा, पत्रा दबला ना!" ड्रायव्हर किंचाळला. "पेटीवाल्याची पोरगी हाय मी. उद्या टायमावर ये, ठोकून सरळ करून देते." दुसऱ्या दिवसापासून जीप वेळेवर. एकदा तर घाबरून आदल्या दिवशीच येऊन उभी राहिली.

अशा या बाईसमोर मी एक दिवस अक्कल पाजळली. बारावीच्या परीक्षेला महिना-दीड महिना उरलेला. स्टाफरूममध्ये त्या सराव चाचणीचे पेपर तपासायला बसल्या होत्या. मी म्हणालो, "आपा, तुमच्या विषयाला काळीज नसतं हो." त्यांनी मान वर केली नाही. साठ पेपरांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या डोक्याच्या दिशेनं सोडला.

मी खाली वाकलो. गठ्ठा मागच्या लोखंडी कपाटावर आदळला, दोरे तुटले, खोलीभर कागद उडाले. आम्ही हसत हसत सगळे गोळा केले, पुन्हा बांधले आणि आपा तपासायला बसल्या. मी वाकलो, एवढं लक्षात ठेवा. या गोष्टीत माझा वाटा तेवढाच आहे आणि तो मला अजून पुरतो.

त्या वर्गात शीतल नावाची एक मुलगी होती. तीर्थपुरीच्या पुढच्या एका खेड्यातून त्याच जीपनं यायची. अक्षर असं की कवेलूवर लिहिलं तरी ते फ्रेम करून लावावं. स्वतःची चूक वर्गात सगळ्यात आधी तिला सापडायची. पण पूर्ण वर्षात तिनं एकही कवेलू फोडलं नव्हतं. भिंतीला टेकवायची, हातोडी उचलायची आणि दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवायची.

"आपा, फुटंना."

"मारल्याबिगर कसं फुटंल? कोंबडीचं काळीज हाय तुझं!"

दुसऱ्या कुणी ठोका मारला की ती डोळे मिटायची आणि खांदे कानापर्यंत वर न्यायची. आम्ही हसायचो. साठ पोरांच्या चुका ओळीनिशी पकडणाऱ्या आपा आणि कवितेच्या दोन ओळींमधलं वाचायला शिकवणारा मी, आम्हा दोघांना ही एक ओळ वाचता आली नाही.

चाचणीचे मार्क शनिवारी संध्याकाळी घरच्यांच्या मोबाईलवर जायचे. शीतलचे गेले सतरा. शंभरपैकी सतरा.

सोमवारी ती आली तेव्हा डाव्या मनगटाला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. "जीपमधून उतरताना पडले," म्हणाली. आपांनी पेपर वाटले आणि तिच्यावर भट्टी उघडली. "सतरा? तू? शोध! कुठं शेण खाल्लं ते शोध, मंग फोड!"

तिनं सोमवारी शोधलं. मंगळवारी शोधलं. बुधवारी आपांनी विचारलं, "सापडली चूक?"

"न्हाई आपा. पण माझी पुर..."

"सापडली का न्हाई, एवढंच सांग!"

"न्हाई."

"मंग बस खाली!" आणि एक खडू तिच्या कानाजवळून भिंतीवर जाऊन फुटला.

गुरुवारी दुपारी मागच्या आवारात फोडाफोडी रंगात आली होती. तेवढ्यात एक नवीकोरी मोटारसायकल थेट ढिगापर्यंत आली. तिच्यावर शीतलचा थोरला भाऊ. हातात वेळूची काठी.

"शीतल, दप्तर घे. चल."

आपा वरून खाली आल्या. "क्लास चालू हाय दादा. सहाला सुटंल."

"आता सुटून काय करायचं, मॅडम? सतरा मार्क पाडायला इथवर यायची काय गरज? तेवढे ती चुलीपुढं बसून पाडंल. रविवारी पाव्हणे बघायला येऊन राह्यलेत. तिचं नाव काढून टाका."

महिन्यावर परीक्षा. आज ती त्या मोटारसायकलवर मागं बसली असती तर परीक्षेला परत आली नसती. हे तिला कळत होतं, आपांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. शीतल दप्तराचा पट्टा धरून उभी होती.

"चूक सापडल्याबिगर माझ्या वर्गातून कुणी जात न्हाई," आपा म्हणाल्या. "शीतल, पेपर दे. धरा दादा. तुम्ही शोधा, कुठं चुकली ते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाई?" आपांची नजर त्या चिंधीवर गेली. सोमवारपासून चार दिवस समोर असलेली ती चिंधी त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "चूक तुम्हाला सापडली न्हाई, मंग पोरीला मारलं कशापायी?"

काठी वर गेली. "ओ मॅडम, आमच्या घरातलं..."

"आपा, पुरवणी होती," शीतल म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात, की आजूबाजूची पोरं ऐकण्यासाठी श्वास धरून उभी राहिली. "दोन पुरवण्या जोडल्या होत्या म्या. पेपर परत आला तवा त्यात नव्हत्या. मला वाटलं, तुमी बघितल्या आन् सगळं चूक म्हणून काढून टाकल्या."

आपांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्या वळल्या आणि धावत सुटल्या. मी मागं. स्टाफरूममधलं ते लोखंडी कपाट चार माणसांना हलत नव्हतं. चाळीस किलोच्या बाईनं त्याला मिठी मारली आणि आडवं पाडलं. बदनापूरपर्यंत लोक भूकंप झाला म्हणून घराबाहेर आले. कपाटाखाली पालीची अंडी होती, माझं हरवलेलं पेन होतं आणि धुळीत पालथ्या पडलेल्या दोन पुरवण्या होत्या. तुटलेला दोरा अजून ओवलेला.

आपा तिथंच फरशीवर बसल्या. मी त्यांचा हळू आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मराठीवाले, मी पोरीला मारलं."

"आपा, तुम्ही कुठं..."

"हात त्याचा होता. मारलं मी."

खाली येऊन त्यांनी पुरवण्या मोटारसायकलच्या सीटवर पसरल्या. लाल पेन काढलं. साठ पोरं आणि तो भाऊ यांच्यासमोर एकेक ओळ मोठ्यानं वाचत तपासली. कुठं दया नाही. एका ठिकाणी अर्धा मार्क कापला तोही सांगून कापला. शेवटी बेरीज केली. "सतरा आणि चोपन्न. एकाहत्तर. वर्गात दुसरी." मग पेन खाली ठेवून दोन्ही तळहात भावासमोर धरले. "चूक माझी हाय. माझ्या फेकाफेकीत पुरवण्या पडल्या. आता मार. तिला किती मारलं ते आठव आणि तितकं मला मार."

तो गडबडला. काठी पायाशी टेकवली. "झालं ते झालं," तो म्हणाला. "शीतल, चल घरी."

झालं ते झालं! मार्क एकाहत्तर झाले तरी मोटारसायकलची मागची सीट तशीच रिकामी होती, तिच्यासाठी.

आपांनी एक कवेलू उचललं. त्यावर लिहिलं, 'पुरवणी'. भिंतीला टेकवलं आणि हातोडी शीतलच्या उजव्या हातात दिली. "माझी चूक तू फोड. मी फोडली तर ती फुटायची न्हाई."

शीतल त्या कवेलूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपा, मला अजून एक सापडली."

"कुठल्या ओळीत?" आपांच्या तोंडून सवयीनं गेलं.

ती कवेलू सोडून पुढं गेली आणि पूर्ण वर्षाचा राखून ठेवलेला पहिला ठोका मोटारसायकलच्या हेडलाईटवर घातला. दुसरा आरशावर. तिसरा टाकीवर. डोळे उघडे होते. खांदे खाली होते.

"किती तुकडे?" आपांनी विचारलं. कुणी हसलं नाही.

"अजून संपलं न्हाई, आपा."

भाऊ काठी उगारून झेपावला. काठी बसली, पण ती मध्ये आलेल्या आपांच्या हातावर. कवेलू फुटावं तसा आवाज झाला. चष्मा उडाला. आपा पडल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या हातानं शीतलला मागं ढकललं आणि म्हणाल्या, "एक झाली. अजून किती मारलं होतंस?"

त्यानं काठी पुन्हा उचलली आणि समोर पाहिलं. साठ पोरांनी साठ कवेलू उचलली होती. माझ्याही हातात एक होतं. ते मी पोरांच्या मागं उभा राहून धरलं होतं, पण धरलं होतं. भावानं काठी टाकली, काचा झटकल्या आणि फुटक्या डोळ्याची मोटारसायकल घेऊन निघून गेला.

शीतल त्या रात्री आपांच्याच घरी थांबली. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं तिची आई आली. कडेला कपड्यांचं गाठोडं. आपांच्या हाताचं प्लास्टर बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "माय, परीक्षा हुईस्तोवर हिला हितंच ठिवा. पाव्हण्यांचं आन् घरचं मी बघून घेते."

शीतल मस्तगडात आपांच्या माडीवरच्या खोलीत राहिली. गल्लीत दोन्ही बाजूंनी कुजबूज सुरू झाली. आपांनी हातोडी उंबऱ्यात ठेवली. कुजबूज थांबली.

शाळेच्या मालकांना मात्र कुजबूज नको होती आणि खरंही नको होतं. त्यांनी आपांना बोलावून सांगितलं, "मुलीनं पुरवण्या जोडल्याच नव्हत्या, एवढं लिहून द्या. विषय संपला." दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आपा बाकावर चढल्या आणि गठ्ठा कसा फेकला, पुरवण्या कुठं पडल्या, पोरगी बोलायला उठली तेव्हा तिला कसं बसवलं, सगळं भट्टीच्या आवाजात सांगितलं. निम्म्या शहरानं ऐकलं. जूनपासून येऊ नका, असं त्यांना एप्रिलमध्ये कळवण्यात आलं.

त्या परभणीला बहिणीकडे गेल्या. तिथं एका छोट्या उर्दू शाळेत शिकवतात असं कळलं. हातोडी घेऊन गेल्या. स्टाफरूममधल्या त्यांच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं एक कवेलू राहिलं होतं. 'पुरवणी'. अख्खं. त्या धांदलीत ते फोडायचं राहून गेलं होतं आणि पुढच्या तीन महिन्यांत आपांनी त्याला हात लावला नव्हता. मी एकदा म्हणालोही होतो, "आपा, फोडा आणि संपवा की." तर म्हणाल्या, "ती मी फोडायची न्हाई."

आतापर्यंत मी जे सांगितलं त्यातून निम्मं वजा करा, माझी हरकत नाही. दिल्लीला गेलेली वही वजा करा, भूकंप वजा करा. त्या खणातलं कवेलू वजा करू नका.

दीड वर्षानं शीतल कुठल्याशा दाखल्यासाठी शाळेत आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाठीवर सॅक, पायात बूट.

"सर, आपा कुठंयत?"

मला ती 'मराठीवाले' म्हणाली नाही, 'सर' म्हणाली. मी सगळं सांगितलं, आपांचा परभणीचा नंबर दिला आणि खणातून कवेलू काढून तिच्या हातात दिलं. तिनं फडकं सोडलं. अक्षरं वाचली. सरळ मागच्या आवारात गेली.

ढीग केव्हाच उचलला होता, तिथं आता गाड्या लागायच्या. भिंत होती. देवी आलेल्या तोंडासारखी, हातोडीच्या खळग्यांनी भरलेली. शीतलनं कवेलू टेकवलं, इकडं तिकडं बघून अर्धी वीट उचलली. मग मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि पलीकडून "कोण?" येताच फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "भिंतीकडं धरा, सर."

मी धरला. तिनं वीट घातली. परत घातली. परत. कोपरापर्यंत लाल धूळ झाली तेव्हा थांबली.

फोनमधून आधी आला तो फक्त श्वास, आणि मागं पोरांचा गलका. मग तो आवाज आला.

"किती तुकडे?"

शीतलनं मनगटानं डोळे पुसले. त्याच मनगटानं. "मोजता येईनात, आपा."

"बराबर," आपा म्हणाल्या.

आणि पलीकडं, परभणीला, टेबलावर हातोडी आपटली. गलका थांबला. हजेरी सुरू झाली.